ऑपरेशन छातीचं, सुट्टी हाताला

बोरीकाठची
सोमवार, रात्री 10.50

नमस्कार मंडळी. इतके दिवस इथे नुसती वाचत होते, धागा काढायची ही पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय 51, अमळनेरजवळचं खेडं. मागच्या आषाढात स्तनाच्या कॅन्सरचं, उजव्या बाजूचं ऑपरेशन झालं. स्तन पूर्ण काढला, बगलेतल्या 14 गाठी काढल्या, त्यातल्या दोनमध्ये आजार निघाला. मग केमो. पौषात रेडिएशनही संपलं. आता आजार परत येऊ नये म्हणून रोज एक टॅमॉक्सिफेनची गोळी, ती काही वर्षं चालणार. केस बोटभर आलेत, कुरळे आलेत. आधी माझे केस काडीसारखे सरळ होते, त्यामुळे आरशात रोज नवीनच बाई दिसते.

आजाराचं मला काही विचारायचं नाही, ते डॉक्टर बघतात. मला घरच्यांचं विचारायचंय.

मला घरात काही करूच देत नाहीत. झाडू हातात घेतला की सून धावत येते. पाण्याचा तांब्या उचलला की मुलगा. परवा उडदाच्या पापडाची एक लाटी घेतली तर हे ओट्यावरून ओरडले, "ठेव ते, तुझा हात आहे!" अहो, हात आहे म्हणूनच घेतली ना! ऑपरेशन छातीचं झालं आणि सुट्टी हाताला दिली, असं झालंय. सगळे मायेनेच करतात, मला कळतं. पण दुपार खायला उठते. टीव्ही किती बघायचा? मोबाईल किती बघायचा?

खरी गोष्ट आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची आहे. आमच्या गल्लीत खापराची पोळी म्हटली की माझं नाव. सासूने शिकवली, 30 वर्षं झाली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. कणीक सैल भिजवायची आणि तेल-पाण्याचा हात लावून लावून तिंबायची, इतकी की ओढली तर तुटायला नको. पुरण भरून थोडी लाटायची आणि मग लाटणं बाजूला. पोळी हातावर घ्यायची. एक हात वर, एक खाली, पुन्हा उलट. ती आपल्याच वजनाने वाढत जाते, मनगटावरून कोपराकडे येते, पलीकडची बोटं दिसायला लागली की चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद सोडायची. त्या वेळी हात थरथरला की पोळी गेली. आखाजीला आमरसाबरोबर ही पोळी नसेल तर आमच्याकडे पितरंसुद्धा जेवत नसतील.

तर विचारायचं असं की, हे मी करू शकते का? आणि निंबावर झोका बांधतात, त्यावर बसू का? इथे कोणी यातून गेलं असेल तर घरी काय काय करता, वेळ कसा घालवता, तेही सांगा.

---

पांझराकाठ
सोमवार, रात्री 11.35

ताई, मी धुळ्याची. डावी बाजू, नऊ वर्षं झाली. तुमचं "दुपार खायला उठते" वाचलं आणि मोबाईल खाली ठेवून नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

माझी गोष्ट सांगते. पहिलं वर्ष मी शहाण्यासारखी बसून होते. त्या बसण्यानेच खांदा आखडला. बगलेपासून कोपरापर्यंत कातडीखाली दोरी ताणल्यासारखी व्हायची, हात वर केला की ती दिसायचीसुद्धा. मला वाटलं आजार परत आला. दवाखान्यातल्या ताईंनी बघितलं आणि हसल्या, म्हणाल्या ही दोरी बऱ्याच जणींना येते, व्यायामाने जाते. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, मुंगीसारखी. रोज जिथपर्यंत बोट पोचेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्या खुणा अजून आहेत. रंग देताना मी तेवढा पट्टा सोडायला लावला.

आता गमतीचं. पहिल्या वर्षी ब्लाऊजमध्ये मी कापसाची घडी ठेवायचे. भाचीच्या हळदीत नाचताना ती घडी सरकत सरकत खांद्यावर आली आणि मला पत्ताच नाही, कारण तिथे बधिर! चुलत जाऊ कानात म्हणाली, "वहिनी, तुमचं सामान वर आलंय." दोघी मोरीत जाऊन इतक्या हसलो की बाहेरच्यांना वाटलं रडताहेत.

घरी काय करते म्हणाल तर सगळंच. फक्त पाण्याचा भरलेला हंडा नाही. नळाला पाणी आलं की पिंप भरायला पाईप लावते.

---

तुरीची_शेंग
मंगळवार, सकाळी 7.15

काय व माय, भलती घाबरस! तुन्हा हातनी पोयी खावाले मी ईसू, फक्त गाव सांग.

---

साक्रीचा_फिजिओ
मंगळवार, दुपारी 2.05

काकू, मी फिजिओथेरपिस्ट आहे, अशा पेशंट नेहमी येतात. तुम्हाला प्रत्यक्ष तपासलेलं नाही, त्यामुळे हे साधारण सांगणं समजा आणि तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

बगलेतल्या गाठी काढल्या की हातातलं लसिकेचं पाणी वाहून न्यायचे रस्ते कमी होतात. उरलेल्या रस्त्यांना जास्त काम पडलं की पाणी साठतं आणि हात सुजतो. ही सूज सगळ्यांना येत नाही. पण लगेच येईल असंही नाही, दोन-तीन वर्षांनीही येऊ शकते. म्हणून पूर्वी सगळ्यांना सरसकट सांगायचे की त्या हाताने काही उचलूच नका. ते आता मागे पडलं. 2009 मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. आधीच सूज असलेल्या बायकांना वर्षभर, हळूहळू वाढवत, वजनं उचलायला दिली. सूज वाढली नाही, उलट त्रास कमी झाला आणि ताकद आली. त्यातला "हळूहळू वाढवत" हा भाग महत्त्वाचा. वर्षभर तांब्या न उचललेल्या हाताने एकदम पाच किलो कणीक तिंबायची नाही.

आजपासून अर्धा किलो कणीक. दोन-तीन दिवस काही झालं नाही की पाऊण. शिंप्याची टेप घ्या, दोन्ही हात मोजा: मनगट, कोपराच्या खाली चार बोटं, कोपराच्या वर चार बोटं. बोटं तुमचीच, म्हणजे जागा बदलणार नाही. वहीत लिहा. दोन्ही हातांत दोन सेंटीमीटरच्या आसपास किंवा जास्त फरक दिसला, हात जड वाटला, बांगडी रुतायला लागली, तर थांबा आणि दाखवा. हात लाल झाला, गरम लागला आणि ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

खापराबद्दल मला काळजी वजनाची नाही, भाजण्याची आहे. दंडाच्या आतल्या बाजूला तुम्हाला बधिर असेल. तिथे चटका बसला तर कळणारच नाही, फोड आल्यावर दिसेल. आणि सुजेसाठी दाबाची घट्ट बाही दिली असेल तर ती चुलीजवळ घालू नका. ती नायलॉन-इलॅस्टिकची असते, ठिणगी पडली तर कातडीला चिकटेल. त्याऐवजी जुन्या सुती परकराची सैल बाही शिवून दंडापर्यंत चढवा. चूल जरा लांब, बसायला पाट उंच.

झोक्यावर बसा. दोर खांद्याच्या खाली धरा आणि ढकलणारा दुसरा ठेवा. उभ्याने झोका चढवायचा नाही यंदा.

---

हिरवंगार_आयुष्य
मंगळवार, दुपारी 4.40

गव्हांकुराचा रस रोज उपाशीपोटी घ्या. गोळ्या हळूहळू बंद करता येतात. माझ्या ओळखीत एकाचं...

---

पांझराकाठ
मंगळवार, दुपारी 4.52

दादा, रस प्या हो, कोण नाही म्हणतंय. पण "गोळ्या बंद" हे शब्द या धाग्यावर नकोत. ती गोळी कशासाठी आहे ते घेणारीला विचारा.

---

चोपड्याची_लेक
मंगळवार, रात्री 9.20

मी दुसऱ्या बाजूने बोलते, सुनेच्या.

माझ्या सासूबाईंचं ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालं. घरी सोडताना हातात एक कागद दिला होता. कुठल्या दवाखान्याने ते जाऊ द्या. त्यावर लिहिलं होतं, "जड वस्तू उचलू नये." बस. जड म्हणजे किती? दोन किलो की वीस? किती दिवस? त्या हाताचा बीपी घेऊ नका, तिथे सुई टोचू देऊ नका, हे तोंडी सांगितलं ते लक्षात राहिलं. बाकीचं आम्ही भीतीने भरलं. कोथिंबीर निवडायलासुद्धा देत नव्हतो, विळीने बोट कापेल म्हणून!

एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "मला कोपऱ्यातल्या फोटोसारखं ठेवलंय. हार तेवढा घालायचा राहिलाय." त्या रात्री मी खूप रडले. दुसऱ्या दिवशी भाजी निवडायला त्यांच्यासमोर ठेवली आणि मुद्दाम घराबाहेर गेले, कारण समोर बसून बघवत नव्हतं.

काकू, सुनेवर रागावू नका. तिला कोणी नीट सांगितलेलंच नाही. हा धागाच तिला वाचायला द्या.

---

बोरीकाठची
मंगळवार, रात्री 10.30

फोटोसारखं... अगदी तसंच.

फिजिओ दादा, आज सुनेनेच टेप आणली. मनगट सारखं. कोपराच्या वर उजवा एक सेंटीमीटर जास्त. पण मी उजव्या हाताची, तो आधीपासूनच थोडा भरलेला असेल ना? आणि हो, दंड आतून बधिर आहे. सून म्हणाली "दाखवा", आणि चिमटा काढला. मला कळलंच नाही. ती एवढीशी झाली.

गोळीचं एक विचारायचं राहिलं. अचानक आतून भट्टी पेटते, घाम सुटतो, पाच मिनिटांनी थंड. आत्ता आमच्याकडे 43 अंश आहे, त्यामुळे कळत नाही की ऊन गोळीचं की तापीकाठचं!

---

पांझराकाठ
मंगळवार, रात्री 10.41

ते गोळीचं. उन्हाची झळ सगळ्या घराला लागते, ही तुम्हाला एकटीलाच लागते. उशाशी ओला पंचा ठेवा, रात्रीचा चहा बंद करा. आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगाच. बायका सांगत नाहीत, त्यांना वाटतं हे सोसायचंच असतं.

---

रेल्वेवाले_काका
बुधवार, सकाळी 6.10

भुसावळ. रिटायर्ड. मी नवरा या नात्याने लिहितो.

आमच्या हिला सहा वर्षं झाली. सुरुवातीला मी पण "ठेव ते, ठेव ते" करायचो. तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा, ते एकटे नाहीत. खरं सांगायचं तर ते ओरडणं तुमच्या हातासाठी नसतं. आम्हाला दवाखान्यात काही करता आलेलं नसतं, म्हणून घरी करतो.

हिने मग गोधडी काढली. घरातली जुनी लुगडी, माझ्या युनिफॉर्मच्या पँटी, नातवाची झबली. बोटाला अंगुस्तान घालून शिवते, म्हणजे सुई टोचत नाही. अर्धा तास शिवायचं, मग हात उशीवर उंच ठेवून बसायचं, पुन्हा अर्धा तास. पहिली गोधडी आठ महिने चालली. कडेचे टाके वाकडे आहेत, मध्ये सरळ होत गेलेत. तिला म्हटलं कडेचे उसवून पुन्हा घाल, तर म्हणते नाही, ते केमोतले आहेत.

एक कामाची गोष्ट, ज्यांना मुंबईला परळला टाटाला तपासणीला जावं लागतं त्यांच्यासाठी. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत सवलत आहे. स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला 75 टक्के सूट. डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. तो दवाखान्यातूनच भरून घ्या, खिडकीवर येऊन मग परत पळू नका. मी त्या खिडकीच्या आत होतो, फार लोक परत गेलेले पाहिलेत.

---

शिरपूरकर
बुधवार, दुपारी 1.30

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. मी पुरुष आहे, वय 58, आणि मलाही हेच झालं. डावी बाजू. शंभरात एखादा पुरुष असतो म्हणतात, तो मी. गावात सगळ्यांना "छातीचं ऑपरेशन" एवढंच सांगितलंय, लोक समजतात हृदयाचं. समजू द्या.

भजनी मंडळात मृदंग वाजवायचो. डावा हात धुमेवर, म्हणजे मृदंगाच्या डाव्या तोंडावर. ऑपरेशननंतर वाटलं संपलं. सहा महिने नुसते टाळ धरले, तेही मांडीवर टेकवून. मग घरी मृदंग उशीवर ठेवून, एकच ठेका, दहा मिनिटं. आता एकादशीला अर्धी रात्र वाजवतो, अर्धी रात्र दुसरा. कणीक रोज भिजवतो मात्र. धुमेला लावायची एवढीशी, पण तिंबायला मीच तिंबतो. म्हणून तुमच्या धाग्यावर आलो, बाई. कणीक तुमची नि आमची एकच.

---

बोरीकाठची
बुधवार, दुपारी 3.00

भाऊ, लिहिलंत ते फार बरं केलंत. वाचून दाखवलं तेव्हा हे उठून ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "त्या शिरपूरवाल्यांना विचार, कणीक किती घेतात."

---

सुताचा_गुंडा
बुधवार, रात्री 8.45

नंदुरबारहून. कोणी क्रोशा करतं का इथे?

पांझराकाठ ताईंची हळदीतली गोष्ट वाचून सांगावंसं वाटलं. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन बाजारात मिळतो तो महाग, आणि आपल्या उन्हाळ्यात छातीवर गरम दगड बांधल्यासारखा वाटतो. मी सुताचा विणते. 2011 मध्ये अमेरिकेत एका बाईने स्वतःच्या ऑपरेशननंतर ही विणायची चळवळ सुरू केली, "निटेड नॉकर्स" नाव. नमुना फुकट मिळतो. आपल्याकडेही बायका विणून फुकट वाटतात. मऊ सूत घ्यायचं, टोचणारं नाही. मध्यापासून गोल गोल वाढवत जायचं, जसा आपण ताटावरचा रुमाल विणतो, आणि आत उशीत भरतात तो मऊ फायबर. मागे छोटं भोक ठेवायचं, म्हणजे कमी-जास्त भरता येतं. धुवायचा, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. जखम पूर्ण भरल्यावरच वापरायचा.

हलका असल्यामुळे वाकलं की वर सरकतो. त्याला माझा उपाय: आतल्या बाजूला छोट्या पुरचुंडीत मूठभर राळे शिवून टाकते. धुताना पुरचुंडी काढायची. एकदा विसरले आणि राळ्यांना मोड आले! ब्लाऊजला आतून खिसा शिवून घेतला तर सरकायचा प्रश्नच नाही.

मला स्वतःला आजार नाही. बहिणीसाठी शिकले. ती आता नाही, विणणं मात्र चालू राहिलं. आत्तापर्यंत 60-70 विणून झाले असतील. बोरीकाठची ताई, माप कळवा, तुमच्यासाठी करते.

---

बोरीकाठची
बुधवार, रात्री 9.30

ताई, माप कळवते. पण एक अट. मला विणायला शिकवा, दुसरा मी विणेन. दुपार तेवढी मोठी आहे.

कणीक: आज अर्धा किलो. हात दुखला, पण काम केल्यावर दुखतो तसा. असा दुखून किती महिने झाले होते!

---

साक्रीचा_फिजिओ
बुधवार, रात्री 10.15

छान. क्रोशा करताना कोपर उशीवर टेकवा, दर वीस मिनिटांनी मूठ उघड-बंद. आखाजीला तीन पोळ्या. चौथी मागितली तर सुनेच्या हातात द्या.

---

बोरीकाठची
आखाजीनंतर चौथा दिवस, रात्री 9.00

उशीर झाला, घरात पाहुणे होते. दोन्ही लेकी माहेरी आल्या होत्या.

पहाटे घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. सासूचं नाव घेतलं. मग चूल. मुलाने खापर धुऊन ठेवलं होतं. यांनी पाटाखाली दोन विटा घालून तो उंच केला आणि तिथेच उभे राहिले, हवालदारासारखे. परकराची बाही सुनेने शिवली होती, फुलाफुलांची.

पहिली पोळी हातावरच फाटली. पुरण सगळं मनगटावर. कोणी काही बोललं नाही, ते जास्त वाईट. मोठी लेक तेवढी "असू दे आई" म्हणाली, तिला मी बाहेर पाठवलं. दुसरी घेतली. उजवा हात पूर्वीइतका वर जात नाही, म्हणून डावा जास्त खाली आणला. वजन डाव्याकडे गेलं, पोळी थोडी लांबट झाली, पानासारखी. पण वाढली. कोपरापर्यंत आली. खापरावर सोडली तेव्हा तिच्यातून चुलीचा जाळ दिसत होता, तशी पातळ. फुगली. यांनी "ठेव ते" म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

मग सून शेजारी बसली. तिच्या हातावर टाकली तर ती घाबरून मूठ वळायला लागली. मी ओरडले, "ठेव ते, तुझा हात भाजेल!" सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं.

झोक्यावर बसले. दोर खाली धरले, लेकीने ढकलला. उंच नाही गेला. निंबाचा मोहर डोक्यात पडला आणि या बोटभर कुरळ्या केसांत असा अडकला की संध्याकाळपर्यंत काढत होते.

हाताचं माप: दुसऱ्या दिवशी सकाळी कोपराच्या वर दीड सेंटीमीटर जास्त. दिवसभर हात उशीवर ठेवला, दाबाची बाही घातली. आज पुन्हा एक. फिजिओ दादा, सांगितल्याप्रमाणे तीनच केल्या.

---

साक्रीचा_फिजिओ
रात्री 9.25

उत्तम! दीड वरून एकावर आलं म्हणजे विश्रांतीने उतरलं. आठवडाभर माप चालू ठेवा, पुन्हा वाढलं तर दाखवा. तीनवर थांबलात ते बरं केलं.

---

बोरीकाठची
रात्री 9.40

पाच केल्या. फाटलेली धरत नाही.

---

बोरीकाठची_ची_सून
रात्री 9.52

नमस्कार, आजच खातं उघडलं. सात. फाटलेली न धरता. मी मोजल्यात.